क्रूझ आधी ठरवावी की शेवटच्या घडीला?

गणपती झाले, पाऊस ओसरला की आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात क्रूझची चौकशी वाढते आणि या सदराकडे येणारी पत्रंही. या वेळची चार पत्रं एकत्र घेतली आहेत. प्रश्न चौघांचाही एकच : तिकीट आत्ताच काढू की थांबू? उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं द्यावं लागलं.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, पत्नी ६३ वर्षांची. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर जायचं बरेच दिवस मनात आहे. ठाण्याचा भाचा म्हणतो, “मामा, घाई करू नका. जहाज सुटायला आठवडा राहिला की भाव निम्म्यावर येतात.” इथले मित्र सांगतात, सहा महिने आधी काढा. सौ.ला फेरीबोटीतसुद्धा थोडी बोट लागते. तिचं म्हणणं एकच आहे, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. आम्हाला तारखेचं बंधन नाही. काय करावं?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : सर, भाचा खोटं सांगत नाही. जहाज धक्क्यावरून सुटलं की रिकामी राहिलेली खोली त्या फेरीपुरती वाया गेली. इंधन, खलाशी, स्वयंपाकी यांचा खर्च खोली भरली काय किंवा रिकामी राहिली काय, जवळपास तेवढाच. शिवाय चढलेला प्रवासी जहाजावर आणखी पैसे खर्च करतो, किनाऱ्यावरच्या सहली घेतो. म्हणून शेवटच्या दिवसांत कंपनी भाव उतरवते आणि खोली भरून टाकते. आपल्या गणपतीच्या गाड्यांच्या हे नेमकं उलट आहे. रेल्वेत शेवटी राहिलेली जागा तत्काळमध्ये जास्त पैशांनी जाते, कारण मागे रांग उभी असते. जहाजाच्या खोलीला रांग नसेल तर भाव पडतो. रांग असेल तर तो तिथेही चढतोच. तेव्हा बघायचं एवढंच, की तुम्हाला हवी ती खोली रांगेतली आहे की बिनरांगेची.

निम्म्या भावाच्या ज्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या असतात. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हेरल ही तिन्ही मोठी बंदरं एकाच राज्यात. तिथून हंगामात दर आठवड्याला ढिगाने जहाजं सुटतात आणि दोन-चार तासांत गाडीने बंदर गाठतील अशी लाखो माणसं आसपास राहतात. तिथला निवृत्त माणूस मंगळवारी भाव बघतो आणि शनिवारी बॅग उचलून निघतो. हे जहाज भरलं तर शेजारच्या धक्क्यावर दुसरं असतं. मुंबईचं तसं नाही. ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ २०१९ मध्ये आली आणि २०२० मध्ये ती कंपनीच बंद झाली. काही हिवाळ्यांत कोस्टा कंपनीची जहाजं येऊन गेली. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ पासून फिरते आहे. एका वेळी बोटांवर मोजता येतील एवढीच जहाजं आणि त्यांच्या फेऱ्यांत लक्षद्वीपच्या थोड्या. तुम्ही थांबलात आणि ती फेरी भरली, तर बदलीचं जहाज नाही.

आता वहिनींच्या म्हणण्याकडे येते, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. ‘एम्प्रेस’ १९९० सालचं जहाज. तेव्हाच्या जहाजांना आजच्यासारखी प्रत्येक मजल्यावर बाल्कन्यांची ओळ नसायची. त्यामुळे त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्या आहेत. बाकी खिडकीच्या आणि पुष्कळशा आतल्या, ज्यांना बाहेरचं काहीच दिसत नाही. शेवटच्या आठवड्यात स्वस्त झालेल्या खोल्या बहुतेक या आतल्या असतात. सकाळी उठून पडदा सरकवला आणि समोर पाणी, हे ज्यांच्या मनात आहे त्यांनी आतल्या खोलीत राहून पैसे वाचवले, तर ज्यासाठी निघालो तेच घरी राहिलं.

बोट लागण्याचंही तसंच. जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त वर-खाली होतं, वरच्या मजल्यांवर जास्त डोलतं. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यांत स्थिर. वहिनींसाठी अशी खोली जहाजाचा नकाशा समोर ठेवून, नंबर बघूनच घ्यायला हवी. शेवटच्या घडीच्या स्वस्त तिकिटात नंबर निवडायला मिळत नाही. त्याला ‘गॅरंटी केबिन’ म्हणतात. आतली की खिडकीची हा प्रकार पक्का, पण कुठल्या मजल्यावर, कुठल्या टोकाला हे कंपनी मागाहून ठरवते. धडधाकट तरुणाला ते चालतं. वहिनींना पुढच्या टोकाची खोली मिळाली तर सगळा प्रवास अंथरुणात जाईल.

माझे वडील मुसाकाजी बंदरात बोटीच्या एजंटाकडे कामाला होते. त्या काळच्या बोटींवर डेकच्या उतारूंचं भाडं सगळ्यांना सारखंच असायचं. पण पहिल्या पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीतून, गेलेला माणूस वाऱ्याची, आडोशाची जागा बघून वळकटी पसरायचा आणि शेवटच्या पडावातल्याला इंजिनाच्या धगीशेजारी रात्र काढावी लागायची. घरात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असलं की वडील त्यांना पहाटेच बंदरावर आणून बसवायचे. आमच्याकडे म्हातारी माणसं तिकिटाला आली की मी अजून खोलीचा नकाशाच आधी पुढे करते, भाव नंतर सांगते.

तिसरी गोष्ट रेल्वेची. भाच्याला ठाण्याहून मुंबईच्या क्रूझ धक्क्यावर, बॅलार्ड पिअरला, टॅक्सीने जाता येतं. तुम्हाला संगमेश्वरहून रात्रीची गाडी धरावी लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणकन्या, तुतारी यांच्या खालच्या बर्थ लगेच जातात. जहाज स्वस्त मिळालं आणि गाडीचं तिकीट वेटिंगवर राहिलं, तर या वयात रात्रभर एसटीने जाणार का? म्हणून आपल्याकडच्या माणसाने ‘आधी’ म्हणजे किती आधी, हे रेल्वेवरून ठरवावं असं मला वाटतं. जहाजाचं तिकीट साठ दिवसांच्या आत येऊ देऊ नका. ते हातात असलं की ज्या दिवशी गाडीचं आरक्षण उघडेल त्याच सकाळी बर्थ धरता येते. मुंबईत आदल्या दिवशी पोहोचा. दारं बंद झाल्यावर जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. परत येताना जहाज सकाळी लागलं तर सकाळची मांडवी एक्सप्रेस तोवर निघून गेलेली असेल. दिवसभर नातेवाइकांकडे टेकून रात्रीची गाडी धरा.

हिशेब मांडून बघू. आकडे फक्त सोपे म्हणून घेतलेले आहेत. समजा, आज खिडकीच्या खोलीचे दोघांचे ऐंशी हजार होतात आणि शेवटच्या आठवड्यात आतली खोली साठ हजारांना मिळाली. वीस हजार वाचले म्हणायचं. त्यातून तत्काळचे जादा पैसे गेले किंवा मुंबईपर्यंतच्या गाडीभाड्याचे आठ-दहा हजार गेले. उरले दहा-बारा, आणि खिडकी नाही. तिकिटावर दिसतो तो आकडा अनेकदा नुसत्या भाड्याचा असतो. बंदराचे आकार, कर, सेवाशुल्क हे वेगळे लागतात. तेव्हा तुलना करताना शेवटचा, सगळं धरून होणारा आकडा दोन्ही बाजूंना मांडा.

तारीख निवडताना समुद्राकडेही बघा. मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. दोन्ही टोकांना अरबी समुद्रात वादळं होतात. नोव्हेंबर २००९ चं फयान आणि मे २०२१ चं तौक्ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. लक्षद्वीपला जहाज थेट बेटाला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींतून बेटावर नेतात. लाट जास्त असेल तर कप्तान उतरू देत नाही आणि ते त्याचं बरोबरच असतं. पण त्या बंदराचं भाडं परत मिळत नाही, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. म्हणून नाताळची आणि नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी किंवा फेब्रुवारी घ्या. २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा. मार्चमध्ये शिमगा असतो, पालखी घरी यायच्या वेळी तुम्ही समुद्रावर असणार नाही हे मी धरूनच चालते. लक्षद्वीपसाठी परवाना लागतो आणि त्यासाठी कंपनी आधीपासून कागद मागते. हेही शेवटच्या आठवड्यापर्यंत न थांबण्याचं एक कारण.

तर सर, अडीच-तीन महिने आधी काढा. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, खिडकीची खोली नंबर सांगून घ्या. सहा महिने आधी काढायची गरज नाही, कारण जानेवारी-फेब्रुवारीतल्या साध्या दिवसांच्या फेऱ्या एवढ्या लवकर भरत नाहीत. भाच्याला मात्र सांगा, त्याचा सल्ला त्याच्यासाठी अगदी योग्य आहे. दोन रात्रींची मुंबई–गोवा फेरी, कुठलीही खोली, बॅग भरलेली आणि बंदर तासाभरावर. असा माणूस थांबला तर त्याचा फायदाच होतो.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, १३ आणि ९ वर्षांची मुलं, सासू-सासरे. मेच्या सुट्टीत सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जायचं ठरतंय. सासूबाई काठी घेऊन चालतात, लांब जायचं असलं तर व्हीलचेअर लागते. एजंट आत्ताच डिपॉझिट मागतोय. आमचे हे म्हणतात, एवढे पैसे सात-आठ महिने अडकवायचे कशाला, मार्चमध्ये बघू, तेव्हा स्वस्तही होईल. मुलांचे पासपोर्ट अजून काढलेले नाहीत.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आत्ताच काढा. तुमच्या बाबतीत मला अजिबात शंका नाही.

तुमच्या यजमानांची काळजी रास्त आहे, म्हणून आधी पैशांचं सांगते. परदेशी कंपन्यांकडे सगळी रक्कम सुरुवातीला भरायची नसते. आधी डिपॉझिट आणि उरलेले पैसे अखेरच्या तारखेपर्यंत. ही तारीख बहुतेक ठिकाणी जहाज सुटण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी येते, काहींची त्याहून आधी. मेचं जहाज असेल तर ती फेब्रुवारीच्या आसपास पडेल. म्हणजे सात-आठ महिने अडकतं ते फक्त डिपॉझिट. एजंटला एकच गोष्ट लेखी विचारा : हे डिपॉझिट रद्द केल्यावर परत मिळणारं आहे का? भाडं जरा कमी दिसतं तिथे डिपॉझिट बहुधा न परतणारं असतं. तुमच्या घरात दोन ज्येष्ठ आहेत. चार पैसे जास्त पडले तरी परत मिळणारंच घ्या.

आता मार्चचं. यजमानांनी निवडलेला हा महिना तुमच्यासाठी सगळ्यांत अवघड आहे. अखेरची तारीख उलटून गेलेली असेल, त्यामुळे सहा जणांचे पूर्ण पैसे एकदम भरावे लागतील आणि भरल्या दिवसापासून रद्द करण्याची कपात लागू होईल. ती कपात टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण रक्कम जाते. आज काढलंत तर फेब्रुवारीपर्यंत मन बदलायला जागा आहे. मार्चमध्ये काढलंत तर एक दिवसाचीही नाही. आणि स्वस्त होण्याचं म्हणाल, तर क्रूझ कंपन्यांच्या मोठ्या सवलती जानेवारी ते मार्चमध्ये जाहीर होतात हे खरं. त्यासाठीच जानेवारीत पुन्हा भाव बघा. उतरला असेल तर अखेरच्या तारखेच्या आत नवा भाव लावून मागता येतो. पुष्कळ कंपन्या तो देतात.

पण पैशांपेक्षा मोठी अडचण खोल्यांची आहे. सहा जणांना दोन खोल्या लागतील. तुमच्या चौघांची एक, सासू-सासऱ्यांची दुसरी. चार जणांच्या खोल्या प्रत्येक जहाजावर थोड्याच असतात. शिवाय एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा ‘सोलास’ करार झाला. त्याच्या नियमांप्रमाणे जहाजावरच्या प्रत्येक माणसाला जीवरक्षक नावेत किंवा तराफ्यात जागा ठरलेली असावी लागते. जहाजाच्या एखाद्या भागातल्या नावांची माणसं पूर्ण झाली, की खोलीत तिसरा-चौथा पलंग रिकामा असूनही कंपनी तिथे माणूस घेत नाही. सुट्टीत मुलंबाळं घेऊन येणारी कुटुंबं जास्त, म्हणून मेमध्ये ही अडचण आधी येते. एजंटच्या पडद्यावर खोली शिल्लक दिसते, पण चार नावं घातली की मिळत नाही. मग तुम्हाला दोनाच्या तीन खोल्या घ्याव्या लागतील. त्यात तोटा असा की एका खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा बरंच कमी असतं. ती बचत शेवटच्या घडीच्या सवलतीपेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी आहे.

सासूबाईंच्या खोलीचं मी माझ्या आईचं असल्यासारखं सांगते. साध्या खोलीच्या न्हाणीघराला उंबरठा असतो, दार अरुंद असतं, न्हाणीची जागा जेमतेम. व्हीलचेअरसाठी केलेल्या खोल्यांना रुंद दार, सपाट फरशी आणि धरायला दांडे असतात. अशा खोल्या अख्ख्या जहाजावर अगदी मोजक्या आणि त्या सगळ्यांत आधी जातात. सासूबाईंना खोलीत व्हीलचेअर लागत नसली तरी ओल्या फरशीवर धरायला दांडा असणं मोलाचं आहे. ती खोली मिळाली नाही तर निदान लिफ्टच्या जवळची मागा. ही जहाजं लांबलचक असतात. जेवायच्या दालनापर्यंत रोज तीनदा चालत जायचं आहे. विमानतळावरची व्हीलचेअर वेगळी सांगावी लागते, ती विमानाच्या तिकिटावर नोंदवा.

मुलांचे पासपोर्ट या आठवड्यात अर्ज करून टाका. प्रवासाच्या दिवशी सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. सासू-सासऱ्यांचे जुने असतील तर तारीख आजच बघा. बुकिंगवरचं नाव पासपोर्टवर असेल तसंच्या तसं हवं. सासूबाईंच्या माहेरच्या-सासरच्या नावाचा घोळ कागदोपत्री असेल तर तो आधी निस्तरा, मग नाव द्या. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. तुमचं जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येणार, म्हणजे सिंगापुरात प्रवेश दोनदा. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे एजंटकडून पक्कं करून घ्या. वाटेतल्या देशांचे नियम बदलत राहतात, ते निघायच्या आधी पुन्हा तपासा.

विमा डिपॉझिट भराल त्याच सुमाराला काढा आणि सासऱ्यांचा रक्तदाब, साखर जे काही असेल ते लपवू नका. लपवलेल्या आजारासाठी पैसे मिळत नाहीत. परदेशी सहलीचं पॅकेज म्हणून बिल होणार असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाईल. तो आयकर विवरणात वळता करता येतो, त्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा.

आधी पैसे भरण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये जगभरातली जहाजं एकदम थांबली आणि कित्येकांना रोख पैशांऐवजी पुढच्या प्रवासाची पत मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागायची सोय राहते. पावतीवर जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक असला पाहिजे. एजंटच्या वहीतला आकडा पुरेसा नाही.

प्रश्न : ताई, मी मालवणात स्कुबाच्या धंद्यात आहे. वयाने लहान आहे, अरे-तुरे केलंत तरी चालेल. पावसाळ्यात समुद्र बंद, जून ते ऑगस्ट मी पूर्ण मोकळा. एकट्यानेच जायचं आहे, कुठेही. शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल तिथे जाईन. बरोबर आहे ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुझ्यासाठी थांबणं बरोबर आहे, आणि हे मी फार थोड्यांना सांगते. तारीख मोकळी, जागा मोकळी, खोली कुठलीही चालेल, बोट लागायचा प्रश्न नाही. पण तीन गोष्टी आधी तयार ठेव.

पहिली, तुझे मोकळे महिने म्हणजे मुंबईच्या जहाजांची सुट्टी. नैऋत्य मोसमी वाऱ्यात अरबी समुद्र प्रवासी जहाजांना नको असतो. ‘एम्प्रेस’ २०२३ च्या पावसाळ्यात चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करू लागली. चेन्नईच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत पाऊस आणि लाट दोन्ही कमी. तेव्हा चेन्नईकडे बघ. दुसरा पर्याय सिंगापूर, तिथून बारा महिने जहाजं सुटतात. मात्र जूनमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी असते. भाव पडण्याची आशा जुलैत ठेव. भूमध्य समुद्राचा आणि अलास्काचा तर हाच भर हंगाम. तिथे शेवटी स्वस्त झालं तरी तुला उपयोग नाही, कारण युरोपचा शेंगेन किंवा अमेरिकेचा व्हिसा आठवड्यात होत नाही. स्वस्त जहाज दिसल्यावर व्हिसाच्या मागे लागलास तर जहाज निघून जाईल. त्यामुळे यादी आधीच अशी कर, की ज्या देशात तुला व्हिसा लागत नाही किंवा तो घरबसल्या चटकन मिळतो.

दुसरी, एकट्याचं भाडं. जाहिरातीतला आकडा ‘माणशी’ असतो, पण तो एका खोलीत दोघं आहेत असं धरून. एकटा गेलास तर रिकाम्या दुसऱ्या पलंगाचेही पैसे लागतात. कधी निम्मे, कधी पूर्ण. चाळीस हजारांचं तिकीट ऐंशीला पडू शकतं. काही नव्या जहाजांवर एकट्यासाठी खोल्या असतात, पण त्या थोड्या आणि त्या आधीच भरतात. म्हणजे एकट्या खोलीसाठी थांबणं हिशेबात बसत नाही. तारकर्लीतला एखादा दोस्तही पावसाळ्यात मोकळा असेलच. दोघं निघालात तर गॅरंटी केबिनची खरी स्वस्ताई तुम्हाला मिळेल.

तिसरी, विमान. जहाजाचा भाव शेवटी उतरतो, विमानाचा बहुधा चढतो. जहाजात वाचलेले पैसे गोव्याच्या मोपाहून किंवा मुंबईहून जाणारं विमान खाऊन टाकतं. म्हणून भाव बघताना दोन्ही पडदे शेजारी उघड. आत्ताच ठरव की घरापासून घरापर्यंत, बंदराचे आकार आणि सेवाशुल्क धरून, मी एवढ्याच्या वर जाणार नाही. तो आकडा कागदावर लिहून ठेव. पासपोर्ट तयार ठेव आणि पैसे खात्यात ठेव, मुदत ठेवीत नको. सुटायच्या तारखेच्या दीड-दोन महिने आधीपासून बघायला लाग, कारण ज्यांनी अखेरचे पैसे भरले नाहीत त्यांच्या सोडलेल्या खोल्या तोवर परत विक्रीला आलेल्या असतात. तुझ्या आकड्याच्या आत मिळालं की त्याच संध्याकाळी घेऊन टाक. अजून उतरेल म्हणून बसलास तर या मोकळ्या महिन्यांतला एक असाच जाईल. आणि यंदा आकड्यात बसलं नाही, तर जाऊ नकोस. पुढच्या पावसात पुन्हा बघ. थांबायचं ठरवलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

प्रश्न : डिसेंबरच्या गोव्याच्या क्रूझचं तिकीट काढलं आणि महिन्याभराने त्याच खोलीचा भाव आठ हजारांनी उतरला. फरक परत मिळतो का? आता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की शेवटच्या दहा खोल्या, एका तासात या नंबरवर पैसे पाठवा, निम्म्या किमतीत. आधीचं रद्द करून हे घेऊ का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आधीचं रद्द करू नका.

फरकाचं सांगते. पूर्ण पैसे भरायची तारीख अजून आली नसेल तर ज्यांच्याकडून काढलं त्यांना आजच फोन करा, पाठोपाठ ई-मेल करा आणि नवा भाव लावून मागा. उतरलेला भाव ज्या पडद्यावर दिसला त्याचा फोटो तारखेसकट जोडा. खोलीचा प्रकार तोच आहे ना आणि त्यात जेवण-कर तेवढेच धरले आहेत ना, हे बघून घ्या. पुष्कळदा उतरलेला भाव गॅरंटी केबिनचा निघतो आणि तुमची नंबराची असते. पूर्ण पैसे भरून झाले असतील तर रोख फरक सहसा मिळत नाही. त्याऐवजी वरच्या प्रकारची खोली किंवा जहाजावर खर्चायला काही रक्कम मागून बघा. नम्रपणे मागितलं की कधी कधी देतात. रद्द करून नव्याने घ्यायचा विचार असेल तर आधी कपात किती ते लेखी घ्या. डिसेंबर जवळ आला असेल तर ती आठ हजारांहून जास्त भरायची शक्यता मोठी आहे.

त्या मेसेजवर पैसे पाठवू नका. डिसेंबरातल्या गोव्याच्या फेरीला रांग असते, निम्म्या किमतीत कुणी ती देत नाही. खऱ्या कंपनीची सवलत तिच्या संकेतस्थळावर आणि तिच्या अधिकृत एजंटकडे दिसते, आणि पैसे कंपनीच्या खात्यात जातात, माणसाच्या मोबाइल नंबरवर नाही. ज्या ओळखीच्या माणसाकडून तो मेसेज तुमच्याकडे आला असेल त्यालाही आज फोन करून सांगा. त्याने अजून पैसे पाठवले नसतील तर वाचतील. पाठवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर लगेच तक्रार करायला लावा, कारण पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.